वाटेवरच्या स्मृतिशिळा आणि गावांचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाच्या वेशीपाशी, देवळाच्या आवारात, पाराला टेकून किंवा घाटवाटेच्या तोंडाशी उभे असलेले कोरीव दगड महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेले असतात. त्यांच्यासमोर थांबून ते वाचलेले मात्र फार थोड्यांनी. राजे, राजधान्या आणि किल्ले यांचा इतिहास ग्रंथांत सापडतो. गावची गुरे हाकून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्या माणसाचा इतिहास मात्र त्याच्या गावच्या दगडावरच असतो, आणि तो दगड जागचा हलला की त्या इतिहासाचा निम्मा भाग हरवतो. या दगडांविषयी जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

वीरगळ म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा?

लढाईत किंवा गावाचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा म्हणजे वीरगळ. या शब्दातील ‘गळ’ हा कन्नडमधील ‘कल्लु’, म्हणजे दगड, या शब्दापासून आलेला आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी समोरचे चित्र बोलू लागते.

सर्वसाधारण वीरगळावर तीन किंवा चार चौकटी असतात. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो. कधी त्याच्या उशापायथ्याशी गाईंची रांग कोरलेली असते, आणि मग हे मरण गोधनाच्या रक्षणासाठी आले होते असे समजावे. त्याच्या वरच्या चौकटीत प्रत्यक्ष झुंज असते. ढाल-तलवारीचे पायदळ, धनुर्धारी, क्वचित घोडेस्वार किंवा हत्ती तेथे दिसतात. तिसऱ्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाकडे नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो आणि शेजारी पूजा करणारा पुरोहित असतो. जैन वीरगळांवर या ठिकाणी तीर्थंकराची मूर्ती आढळते. माथ्यावर कळस आणि त्याच्या दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य असतात. आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत तोवर या माणसाची कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ आहे.

दगड जवळून पाहताना वीराच्या केसांचा बुचडा, कमरेच्या वस्त्राच्या निऱ्या आणि तलवारीचे पाते यांकडे अवश्य लक्ष द्यावे. कारागिराने वरच्या चौकटीतील देव पुष्कळदा ठरावीक साच्यात कोरलेला असतो, परंतु खालच्या दोन चौकटींत त्या एका माणसाच्या मृत्यूचे तपशील येतात.

दगडावर नाव नसेल तर वीर कोण होता हे कसे कळणार?

बहुतेक वेळा ते कळत नाही, आणि तसे स्पष्ट सांगणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. गावातल्या लोकांना तो माणूस ठाऊक होता, त्यामुळे नाव कोरण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

काही ठिकाणी मात्र कोरलेल्या प्रसंगावरून अंदाज बांधता येतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यांच्यावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात जो संघर्ष झाला, त्यातील हे आरमारी युद्ध असावे असे अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनात येतो, त्यामुळे या तर्काला बळ मिळते. तरीही तो तर्कच आहे, आणि फलकावर लिहिताना ‘असावे’ हा शब्द गाळता कामा नये.

आमच्या गावचे वीरगळ शिवकालीन आहेत असे सर्व जण सांगतात. ते खरे आहे का?

गावोगाव हे उत्तर ऐकू येते, आणि त्यामागची भावना आम्ही समजू शकतो. परंतु वीरगळ उभारण्याची प्रथा शिवकालाच्या कितीतरी आधीची आहे. महाराष्ट्रातील पुष्कळसे वीरगळ शिलाहार आणि यादव यांच्या काळातले, म्हणजे साधारण दहावे ते चौदावे शतक या दरम्यानचे आहेत. प्रथा पुढेही चालू राहिली, हेही खरे. लेख नसलेल्या वीरगळाचा काळ पोशाख, शस्त्रे, केशरचना आणि माथ्यावरील कळसाची घडण यांवरून ढोबळमानानेच ठरवता येतो. आपल्या गावातला माणूस शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पाच शतके गावासाठी लढून मेला होता, ही गोष्ट कमी अभिमानाची नाही. त्याला त्याचा स्वतःचा काळ परत मिळायला हवा.

एकाच गावात इतके वीरगळ कसे?

सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील किकली या गावी भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात वीरगळांची दाटी आहे, आणि तेथे जाऊन आलेले वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. गुरे हे संपत्तीचे मुख्य साधन असलेल्या काळात व्यापारी मार्गांवरील आणि चराऊ माळांलगतच्या गावांवर वारंवार हल्ले होत. शिवाय मूळ जागेवरून निखळलेले दगड पुढच्या पिढ्यांनी देवळापाशी आणून एकत्र उभे केले, असेही अनेक गावांत घडले आहे. म्हणून वीरगळ आज जिथे आहे तिथेच लढाई झाली, असे गृहीत धरू नये. तो पांढरीत, म्हणजे गावच्या वस्तीत, आणून ठेवला की पूर्वीपासून वेशीवरच होता, याची आधी चौकशी करावी.

सतीशिळा कशी ओळखावी? तिच्याकडे आज कसे पाहावे?

कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या ल्यालेला आणि पंजा उघडा असलेला स्त्रीचा हात ही सतीशिळेची खूण आहे. चंद्र-सूर्य येथेही असतात. काही वीरगळांवर वीराच्या चौकटीशेजारीच असा हात कोरलेला असतो, आणि तेव्हा एकाच दगडावर दोन मृत्यू नोंदलेले असतात.

इंग्रज राजवटीत बंगाल इलाख्यात १८२९ साली आणि मुंबई इलाख्यात १८३० साली सती जाण्यावर कायद्याने बंदी आली. स्वतंत्र भारतात १९८७ च्या कायद्याने सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरवला. त्यामुळे सतीशिळेचा अभ्यास करावा, ती जपावी, तिची नोंद करावी. मात्र तिच्याभोवती उत्सव किंवा नवे मंदिर उभे राहील असे काहीही करू नये. बांगडीचा तो हात एका जिवंत स्त्रीचा होता. तिचे नाव तर वीराच्या नावाहूनही क्वचित सापडते.

गाढव आणि स्त्री कोरलेला दगड आमच्या शेतात आहे. तो अश्लील म्हणून पुरून टाकावा का?

कृपया तसे करू नका. त्याला गद्धेगाळ म्हणतात, आणि तो तुमच्या गावच्या जमिनीचा एखादा जुना दस्तऐवज असू शकतो. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन अथवा गाव दान दिले की त्याची नोंद अशा शिळेवर केली जाई. वर चंद्र, सूर्य आणि कळस, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांच्या समागमाचे चित्र, अशी त्याची रचना असते. हे दान जो मोडेल त्याच्या आईवर अशी वेळ येईल, हा त्या चित्रातला शाप आहे. अपराध दान मोडणाऱ्याचा आणि विटंबना त्याच्या आईची, हे त्या काळाचे कठोर वास्तव दगडावर जसेच्या तसे उतरले आहे, आणि ते झाकल्याने बदलणार नाही. वाचता न येणाऱ्या माणसालाही हा शाप कळत असे, म्हणूनच तो चित्रात कोरला गेला.

मराठी भाषेच्या इतिहासात या दगडांना फार मोठे स्थान आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख असाच एक आहे. त्यावर शके ९३४ हे वर्ष वाचले गेले आहे, म्हणजे इ. स. १०१२, त्या वाचनानुसार तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरतो. त्यात कोकणचा राजा केशीदेवराय आणि त्याचा महाप्रधान यांचे उल्लेख आहेत. इतका मोलाचा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता. मुंबईतल्या परळ येथे सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या लेखातही मुख्य मजकूर संस्कृतात असून शेवटचा शाप मात्र त्या काळच्या मराठीत आहे. ज्यांना धाक घालायचा होता त्यांना समजेल अशा भाषेतच धाक घातला गेला, आणि मराठीच्या आरंभकाळातल्या नोंदींपैकी काही आपल्याला त्यामुळेच मिळाल्या.

दगडावरील शके, संवत्सर आणि इतर सनांचे इसवी सनात रूपांतर कसे करावे?

शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की सामान्यतः इसवी सन मिळतो. वर्ष मात्र चैत्रात सुरू होते, त्यामुळे १ जानेवारीनंतर येणाऱ्या पौष, माघ आणि फाल्गुन या महिन्यांच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. परळचा लेख शके ११०८ मधील माघ महिन्याचा आहे, म्हणून त्याचे इसवी वर्ष ११८६ नव्हे तर ११८७ येते.

लेखात संवत्सराचे नावही असेल तर ताळा पाहता येतो. संवत्सरे साठ आहेत. शकात १२ मिळवून साठाने भागल्यावर जी बाकी उरते ती संवत्सराचा क्रमांक दाखवते. ११०८ अधिक १२ म्हणजे ११२०, त्याला साठाने भागून बाकी ४०, आणि चाळिसावे संवत्सर पराभव. परळच्या लेखात पराभव संवत्सरच आहे. झिजलेला एखादा आकडा वाचताना ही रीत फार उपयोगी पडते.

मराठा काळातील लेखांत कधी शुहूर सन येतो, त्यात साधारण ५९९ किंवा ६०० मिळवावे. फसली सनात साधारण ५९० मिळवावे. हिजरी सन चांद्र असल्यामुळे त्याला असा सरळ हिशेब लागू पडत नाही आणि त्यासाठी जंत्रीच पाहावी लागते.

शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर १९१४–१९१९ असे लिहिलेला संगमरवरी फलक आहे. तो कशाचा?

तो पहिल्या महायुद्धाचा आहे. या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर अशा फलकांवर असतो. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, परंतु व्हर्सायचा तह जून १९१९ मध्ये झाला, म्हणून शेवटचे वर्ष १९१९ असे लिहिलेले दिसते. सातारा आणि कोकण हे सैन्यभरतीचे जुने प्रदेश असल्यामुळे तेथे हे फलक पुष्कळ आढळतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाला तर ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. त्या एका गावाचे ४६ सैनिक पहिल्या महायुद्धात कामी आले.

या फलकांकडे पाहताना मनात सलणारी गोष्ट ही की त्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. आठशे वर्षांपूर्वीच्या वीरगळावर निदान वीराची आकृती असते. ज्या गावात असा फलक आहे, तिथल्या तरुणांनी जुन्या घरांतून पदके, पेन्शनची कागदपत्रे आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी गोळा करून त्या आकड्यामागची नावे शोधावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने परदेशी मृत्यू पावलेल्या भारतीय सैनिकांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत, आणि पुष्कळ नोंदींत गावाचे नावही मिळते.

नाणेघाटातील रांजण खरोखर जकातीचा होता का?

जुन्नर आणि कोकणातील कल्याण-सोपारा ही बंदरे यांना जोडणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, आणि त्यात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरागत समजूत आहे. रांजणावर तसे लिहिलेले नाही. घाट सातवाहन काळातील महत्त्वाचा व्यापारी मार्ग होता, एवढे मात्र निश्चित. म्हणून ही समजूत ‘परंपरा’ म्हणून सांगावी.

रांजणाच्या नादात जवळचे लेणे पाहायचे राहून जाते, याचे वाईट वाटते. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख आहे. त्यात यज्ञ आणि त्या वेळी दिलेली गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची दाने आकड्यांसह नोंदली आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या. वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष एवढेच उरले. ती नावे नसती तर ती पावले कोणाची हे आज कोणालाही सांगता आले नसते.

जुने मैलाचे दगडही जपायचे का?

होय. मुंबईत इंग्रज काळात सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मैल मोजले जात आणि रोमन आकडे कोरलेले बसाल्टचे दगड रस्त्याकडेला बसवले होते. त्यांपैकी काही पदपथाखाली गाडले गेलेले सापडले आहेत.

शेंदूर लावलेला दगड स्वच्छ करावा का?

गावाला विचारल्याशिवाय त्याला हातही लावू नये. वीरगळाला म्हसोबा, वेताळ किंवा नुसतेच ‘वीर’ म्हणून पूजणाऱ्या गावकऱ्यांनीच हे दगड शतकानुशतके जपले आहेत. पूजा बंद पडली त्या गावांत ते पायरीला, पुलाच्या कठड्याला आणि धुण्याला गेले. एका गावी ओढ्याकाठच्या धुण्याच्या दगडाची खालची बाजू पाहावी म्हणून आम्ही चार माणसांनी मिळून तो उलटला, तेव्हा चिखलात दबलेल्या बाजूला झुंजीची संपूर्ण चौकट निघाली. दोन वीरांच्या ढाली एकमेकींना भिडलेल्या होत्या, आणि कडेच्या तिसऱ्या माणसाच्या हातातील धनुष्याची दोरीही शाबूत होती.

खरा धोका ऑइलपेंट, आम्ल, तारेचा ब्रश आणि सिमेंट यांचा आहे. रंगाने अक्षरे बुजतात, आम्लाने आणि ब्रशने दगडाचा पापुद्रा जातो, आणि सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर दगडात शिरून त्याला आतून फोडतात. वार्षिक रंगकामात चौथऱ्याला रंग द्यावा, दगडाला देऊ नये, एवढे देवस्थानच्या मंडळींशी बोलून ठरवता आले तरी पुष्कळ झाले. श्रद्धेला धक्का न लावता सांगितले तर लोक ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

झिजलेली अक्षरे कशी टिपावीत?

खडू, पीठ किंवा कोळसा घासून अक्षरे ठळक करण्याची सवय सोडून द्यावी. सकाळी लवकर किंवा मावळतीच्या वेळी तिरपा प्रकाश पडला की उथळ रेषांचीही सावली पडते. दुपारच्या उन्हात सपाट दिसणाऱ्या दगडावर त्या वेळी ओळी उमटतात. दिवस मावळल्यावर विजेरी दगडाच्या कडेला टेकवून प्रकाश आडवा टाकला आणि वेगवेगळ्या बाजूंनी आठ-दहा छायाचित्रे घेतली, तर अभ्यासकाला वाचन करता येते. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे आणि आसपासचा परिसर दिसेल असे एक छायाचित्र अवश्य घ्यावे. ओल्या कागदाचा ठसा काढण्याचे काम जाणकारांवर सोपवावे.

रस्ता रुंदीकरणात दगड जाणार आहे. काय करावे?

खोदकाम सुरू होण्याआधी हालचाल करावी, कारण यंत्र आल्यावर वेळ उरत नाही. छायाचित्रे आणि नेमके स्थान जोडून ग्रामपंचायत, तहसीलदार, रस्त्याचे काम करणारा विभाग आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय या सर्वांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर अर्जाचे वजन वाढते.

दगड हलवणे अटळच ठरले तर तो त्याच गावात, शक्यतो त्याच वाटेवर आणि त्याच दिशेला तोंड करून उभा करावा, आणि मूळ जागा कोठे होती हे लिहून ठेवावे. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलेला दगड सुरक्षित राहतो हे खरे, परंतु तेथे तो अनेकांतला एक होतो.

असा दगड घरी किंवा फार्महाउसवर नेता येईल का?

नाही. शंभर वर्षांहून जुने शिल्प किंवा कोरीव लेख १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात. परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. दगडाखाली गुप्तधन असते या समजुतीने खणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. गावोगावचे बहुतेक वीरगळ मात्र संरक्षित यादीत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची राखण गावालाच करावी लागते.

आम्हाला दगडाशेजारी माहितीफलक लावायचा आहे. मजकूर कसा असावा?

दगड काय दाखवतो, अभ्यासक काय मानतात आणि गाव काय सांगते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. त्यांची सरमिसळ झालेले फलक आम्ही इतके पाहिले आहेत की हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फलकावर छापलेली चूक पुढे पुरावा म्हणून सांगितली जाते. मजकुराचा एक नमुना असा :

‘हा वीरगळ आहे. खालच्या चौकटीत मृत वीर आणि गाई, मधल्या चौकटीत लढाई आणि वरच्या चौकटीत शिवपूजा कोरलेली आहे. गुरांचे रक्षण करताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ तो उभारला असावा. दगडावर लेख नसल्यामुळे वीराचे नाव सांगता येत नाही. गावात याला वीरोबा म्हणतात व दसऱ्याला नारळ वाहतात.’

एवढे पुरे आहे. मान्यवरांची नावे आणि सौजन्याच्या ओळी यांनी फलकाची जागा अडवू नये. फलक दगडाला खिळ्यांनी किंवा सिमेंटने जोडू नये. तो दोन-तीन पावले दूर, स्वतंत्र खांबावर आणि दगड झाकला जाणार नाही असा लावावा. लावल्याचे वर्ष खाली बारीक अक्षरांत लिहावे.

गावातील वडीलधाऱ्या माणसांना काय विचारावे?

‘हा दगड कोणाचा?’ असे थेट विचारले तर बहुधा ‘देव आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी याला नैवेद्य कोणत्या घराचा असतो, लग्नाची वरात येथे थांबते का, दगड पूर्वी कोठे होता आणि आसपासच्या शेतांना काय म्हणतात, हे विचारावे. मान एखाद्या विशिष्ट घराण्याकडे असेल तर त्यांचा या वीराशी जुना संबंध असू शकतो. सातबाऱ्यावर नसलेली शेतांची बोलीतली नावेही लिहून घ्यावीत. एखाद्या तुकड्याला लोक ‘झुंजीचा माळ’ म्हणत असतील, तर वीरगळ त्या माळावरून दिसतो का, हे दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन पाहावे.